कोव्हिड ओसरल्यानंतरचें हृदय

ताप उतरला, तोंडाला चव आली, कीं घरांतील मंडळी रोगी बरा झाला असें समजतात. आणि बहुतेकांच्या बाबतींत तें खरेंहि असतें. परंतु कांहीं जणांना पुढें कित्येक महिने एक मजला चढतांच धाप लागते, स्नान करून उठतांना डोळ्यांपुढें अंधारी येते, निजल्या जागीं छातीची धडधड कानांना ऐकूं येते. हृदयाचा विद्युत्-आलेख काढावा तर तो निर्दोष! मग दुखणें मनाचें ठरतें आणि रोग्याच्या वांट्यास उपदेश येतो. हा शिक्का इतक्या घाईनें मारण्यासारखा नाहीं.

या प्रश्नाकडे जगाचें लक्ष वेधलें तें 1920 च्या नव्हे, अगदीं अलीकडच्या, 2020 सालच्या जुलैंत. जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथील डॉक्टरांनीं कोव्हिडमधून उठलेल्या 100 जणांच्या हृदयाचें एम्. आर्. आय्. यंत्रानें चित्रण केलें. त्यांपैकीं 78 जणांच्या हृदयांत कांहीं ना कांहीं बिघाड दिसला. 60 जणांत स्नायूचा दाह चालू असावा असें वाटलें. वृत्तपत्रांनीं या आंकड्यांचा मोठा गाजावाजा केला. परंतु पुढें लंडनमधील रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांपैकीं सौम्य कोव्हिड झालेल्या 74 व न झालेल्या 75 जणांची सहा महिन्यांनीं तुलना केली, तेव्हां दोन्ही गटांच्या हृदयांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. अमेरिकेंतील विद्यापीठांच्या 1,597 खेळाडूंत हृत्स्नायुदाह निघाला तो 37 जणांत. चित्रावरील प्रत्येक छटा म्हणजे रोग नव्हे, आणि कोणाची तपासणी केली यावर आंकडा अवलंबून असतो, एवढें यावरून ध्यानांत यावें.

म्हणून सगळेंच निरर्थक होतें काय? तसेंहि नाहीं. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतील दीड लाखांहून अधिक कोव्हिड-रोग्यांचा वर्षभराचा वृत्तान्त 2022 सालीं प्रसिद्ध झाला. रोग न झालेल्यांच्या तुलनेनें, दर हजारीं सुमारें 12 जणांचें हृदय अधिक दुर्बल झालें, सुमारें 11 जणांत ठोक्यांची अनियमितता अधिक आढळली, आणि चार जणांना अर्धांगाचा झटका अधिक आला. अतिदक्षता विभागांत राहिलेल्यांस धोका सर्वांत मोठा. पण घरींच बरे झालेलेहि पूर्णपणें सुटले नव्हते. हे बहुतेक वयस्क पुरुष होते हें मात्र विसरतां कामा नये. विशीच्या तरुणीस हाच आंकडा लावणें चूक होईल.

हा विषाणु पेशींत शिरतो तो एसीई-2 नांवाच्या प्रथिनाच्या द्वारें, आणि हें प्रथिन हृदयाच्या ऊतींतहि असतें. रक्तवाहिन्यांचें आंतील नाजुक अस्तर दुखावलें कीं रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ति वाढते. शिवाय विषाणूशीं झुंजणारी शरीराची स्वतःची संरक्षक शक्तीच कधीं कधीं हृत्स्नायूवर उलटते.

याहून निराळा आणि घरोघर अधिक घोटाळा करणारा प्रकार म्हणजे नाडीचा ताल बिघडणें. यांत हृदयाचा स्नायु धड असतो; त्याला हांकणाऱ्या मज्जातंतूंची व्यवस्था ढिली पडलेली असते. पहिल्या महायुद्धांत असे हजारों धापणारे सैनिक इंग्लंडांतील रुग्णालयांत आले होते. सर टॉमस लुइस यांनीं 1918 सालीं त्यांच्यावर पुस्तक लिहिलें. त्यांतील पुष्कळांचें दुखणें एखाद्या सांथीच्या तापानंतरच सुरू झालें होतें. तेव्हां ही तक्रार कांहीं आजची नव्हे.

तिची पारख करण्यास घड्याळ पुरतें. रोग्यानें दहा मिनिटें स्वस्थ पडून राहावें व नाडी मोजावी. मग भिंतीजवळ, कोणी सोबत असतां, उभें राहून दहा मिनिटेंपर्यंत ती पुनःपुन्हां मोजावी. घेरी येतांच बसावें. प्रौढ माणसाचे ठोके मिनिटाला 30 किंवा अधिक वाढले आणि वाढलेलेच राहिले, तर तो कागद डॉक्टरांस दाखवावा. कोरड्या वर्णनापेक्षां अशा टिपणाला वजन अधिक येतें. निदान मात्र त्यांनींच करावयाचें, कारण पांडुरोगानें वा कंठग्रंथीच्या विकारानेंहि नाडी धांवते.

हा भेद न जाणण्यांत मोठें नुकसान आहे. ताल बिघडलेल्यास पाणी व मीठ वाढवून, बसून किंवा पडून करण्याचा बेताबेतानें वाढविलेला व्यायाम हितावह होतो. पण श्रमानंतर दुसऱ्या दिवशीं जो पार गळून जातो त्याच्यावर व्यायामाची सक्ती करूं नये. रक्तदाब असलेल्यानें मिठाचा उपाय आपल्या मनानें करूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. उलट ज्याच्या हृत्स्नायूचा दाह सिद्ध झाला आहे त्यानें तीन ते सहा महिने धांवणें व जड कसरत बंद ठेवावयाची असते. शेजाऱ्यास जें मानवलें तें येथें प्राणावर बेतूं शकतें.

श्रम करतांना छातींत कळ येणें, शुद्ध हरपणें, पावलांस सूज येणें, उताणें निजल्यावर श्वास कोंडणें, या लक्षणांत मात्र घड्याळ लावून बसूं नये. रोग्यास तात्काळ रुग्णालयांत न्यावें, आणि पूर्वीं कोव्हिड केव्हां झाला होता तें तेथें विचारण्याची वाट न पाहतां सांगावें.