संतोष करंडक: परमुलखात जिंकलेला महाराष्ट्र

खारघरच्या टर्फवर रात्री उशिरापर्यंत फुटबॉल चालतो. पोरांच्या पाठीवर मेसी असतो, रोनाल्डो असतो, फार तर मुंबई सिटी. महाराष्ट्राची जर्सी शोधून सापडणार नाही. आपल्या राज्याचा फुटबॉल संघ असतो आणि तो दर हंगामात इतर राज्यांशी खेळतो, हेच पुष्कळांच्या गावी नाही. सोसायटीतल्या एखाद्या मल्याळी काकांपुढे मात्र ‘संतोष ट्रॉफी’ म्हणून बघा, चहा गार होईपर्यंत बोलत राहतील.

संतोष करंडक ही राज्याराज्यांमधली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा. 1941 साली सुरू झाली. संतोष हे संस्थानवजा जमीनदारीचं गाव, आता बांगलादेशातल्या टांगाइल जिल्ह्यात. तिथले महाराजा सर मन्मथनाथ रॉय चौधरी यांच्या स्मरणार्थ हा करंडक. पहिल्या अंतिम सामन्यात बंगालने दिल्लीला 5-1 असं धुतलं, आणि डिसेंबर 2024 मध्ये हैदराबादला केरळवर एका गोलने मात करून त्याच बंगालने 33 वं विजेतेपद नेलं. राज्यांबरोबर सेनादल आणि रेल्वेही खेळतात. उपविजेत्याला कमला गुप्ता करंडक मिळतो, पण तो कोण लक्षात ठेवतं?

आपली विजेतेपदं चार: एक जुन्या मुंबई राज्याचं, तीन महाराष्ट्राची. गंमत अशी, की चारही दक्षिणेत जाऊन मिळवलेली. 1954-55 ला मद्रासमध्ये सेनादलावर 2-1. 1963-64 ला पुन्हा मद्रास, आंध्रवर 1-0. मग तब्बल सत्तावीस वर्षं काहीच नाही.

1990-91 चा हंगाम मात्र सगळ्यांत मोठा, असं माझं मत. अंतिम फेरी केरळातल्या पालक्काडला. केरळ सलग चौथ्यांदा अंतिम सामन्यात उतरला होता आणि आधीच्या तिन्ही वेळी, पंजाब, बंगाल आणि गोव्याकडून, हरला होता. निदान घरच्या मैदानावर तरी हे दुष्टचक्र थांबेल, अशी आशा. तिथे महाराष्ट्राने 1-0 ने सामना काढला. पुढच्या वर्षी केरळने कोइमतूरला गोव्याला हरवून करंडक मिळवला आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोचीला आपलाच 2-0 ने हिशेब चुकता केला. पण 1999-2000 ला त्रिशूरमध्ये महाराष्ट्राने त्यांना पुन्हा 3-2 ने हरवलं. लगेच पुढच्या खेपेला केरळ मुंबईत येऊन जिंकला, गोव्याविरुद्ध, तसाच 3-2. घरच्या अंगणात नेमकं आपल्याला जमत नाही. 1945 आणि 1951 ला मुंबईत बंगालकडून हार, 2016 ला नागपुरात सेनादलाकडून 2-1.

प्रेक्षक नाहीत म्हणून असं होतं, म्हणावं तर कोल्हापूर आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशी तालमींची नावं घेऊन तिथे फुटबॉल संघ उतरतात, पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच शहरातला. ही गर्दी पेठेसाठी येते, तर राज्यासाठी का येत नाही?

आयर्लंडमध्ये येते. तिथला गेलिक फुटबॉल हातापायांनी खेळतात, काउंटी विरुद्ध काउंटी, आणि खेळाडूला पगार नाही. शिक्षक, शेतकरी, इंजिनिअर आठवडाभर काम करून सराव करतात. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये 82 हजारांवर माणसं बसतात. 2020 चा हंगाम कोविडमुळे हिवाळ्यात, रिकाम्या स्टँडपुढे झाला. उपांत्य फेरीत डब्लिन, मेयो, कॅव्हन आणि टिपररी आले, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, 1920 ला आले होते तेच चौघे. लोकांच्या हे ताबडतोब लक्षात आलं. डब्लिनने मेयोला हरवून सलग सहावं विजेतेपद मिळवलं.

नोकरी सांभाळून राज्यासाठी खेळण्याचा हा धागा आपल्याकडे तुटला. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा यांच्या संघांतून राज्याचा संघ उभा राहायचा. कंपन्यांनी संघ गुंडाळले. 1996 पासून राष्ट्रीय लीग आणि 2014 पासून इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली, तसे चांगले खेळाडू क्लबांकडे गेले. ते योग्यच, पोट भरायला हवं. पण राज्याची स्पर्धा पोरकी झाली.

खारघरला सिडकोचं फुटबॉल उत्कृष्टता केंद्र आहे, आणि इथे मोठ्या स्टेडियमचीही योजना आहे. ते उभं राहील तेव्हा एखाद्या परदेशी क्लबचा प्रदर्शनी सामना ठेवण्याचा मोह होईल. सिडकोने आणि राज्याच्या फुटबॉल संघटनेने तो टाळावा. पहिली स्पर्धा संतोष करंडकाची अंतिम फेरी असू द्या. मल्याळी काका तिकीट काढतीलच. मराठी माणसांनीही काढावं.