सायलेन्सर मोकळा केल्याने डिझेल वाचतं का?

लेखमाला : मालट्रकचं यंत्र (भाग ७)

गळीत हंगाम तोंडावर आला की शिवाजी उद्यमनगरापासून शिरोलीच्या सांगली फाट्यापर्यंत गॅरेजांसमोर ट्रक दाटीने उभे राहतात. कुणाचे पाटे बसलेले, कुणाची क्लचप्लेट झिजलेली, कुणाला ब्रेकचे लायनर हवे असतात. या गर्दीत एक मागणी ठरलेली : ‘मिस्त्री, सायलेन्सर जरा मोकळा करून द्या.’ म्हणजे आतले पडदे कापून काढायचे, नाहीतर सायलेन्सरच उतरवून सरळ पाइप जोडायचा. धूर अडला नाही की इंजिनाला दम येतो, चढाला पिकअप मिळतो आणि ॲव्हरेज वाढतं, अशी पक्की समजूत त्यामागे आहे. ज्याच्या धंद्यात सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा, त्या माणसाची ही समजूत आहे. म्हणून ती आकड्यांनी तपासली पाहिजे.

समजुतीचं मूळ खरं आहे. चौथ्या स्ट्रोकला पिस्टन वर येतो तेव्हा जळालेला वायू त्यालाच बाहेर ढकलावा लागतो. पुढची वाट अरुंद असेल तर वायू मागे रेटतो आणि त्या रेट्याशी झगडताना इंजिनाची थोडी ताकद खर्च होते. गॅरेजात याला बॅकप्रेशर म्हणतात. प्रश्न इतकाच, की ही ताकद किती?

भरलेला ट्रक चढावर पूर्ण जोर लावत असतो तेव्हा टर्बो डिझेल इंजिनात पिस्टनवरचा सरासरी उपयोगी दाब साधारण १२ ते १५ बार असतो. चांगल्या स्थितीतला सायलेन्सर आणि त्याचा पाइप त्याच वेळी मागे देतात तो दाब ढोबळमानाने ०.१ बार. म्हणजे सगळा अडथळा नाहीसा झाला, तरी हाती येणारी ताकद एक टक्क्याच्या आतच. आणि सगळा अडथळा नाहीसा होतच नाही, कारण पाइप आणि त्याची वळणं राहतातच. त्यातही हा दाब प्रवाहाच्या वर्गाने बदलतो : सपाट रस्त्यावर वायूचा प्रवाह निम्म्यावर आला की अडथळा चौथाईवर येतो.

तरी उदार होऊन अर्धा टक्का बचत धरू. लिटरला ४ किलोमीटर देणाऱ्या ट्रकला १०० किलोमीटरसाठी २५ लिटर डिझेल लागतं. त्यातला अर्धा टक्का म्हणजे १२५ मिलिलिटर. आता हाच ट्रक कारखान्याच्या यार्डात गव्हाणीचा नंबर येण्याची वाट पाहत उभा आहे आणि इंजिन चालूच आहे. उभ्या ट्रकचं इंजिन तासाला लिटर-दीड लिटर डिझेल सहज पितं. सायलेन्सर कापून १०० किलोमीटरमध्ये जे मिळालं, ते यार्डात दहा मिनिटांच्या आत संपलं.

मग ‘सायलेन्सर काढल्यापासून गाडी पळते’ असं सांगणारे ड्रायव्हर खोटं बोलतात का? मुळीच नाही. त्यांना तसं जाणवतं. आवाज मोठा झाला की जोर वाढल्यासारखा वाटतो, हा कानाचा परिणाम आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सायलेन्सर कापायला गाडी गॅरेजात येते तेव्हा बहुतेक वेळा एअर फिल्टर बदलला जातो, नोझल तपासली जाते, ऑईल नवं पडतं. फरक त्या कामांनी पडतो आणि श्रेय सायलेन्सरला जातं. त्यातून उसाची गाडी जाताना भरलेली, येताना रिकामी. एका खेपेला फड रस्त्यालगत, दुसऱ्या खेपेला पाणंदीच्या चिखलात. अशा धंद्यात अर्ध्या टक्क्याचा फरक कुणालाही नुसत्या अंदाजाने ओळखता येणार नाही.

ही समजूत आली कुठून, तेही पाहू. बिनटर्बोच्या जुन्या डिझेल इंजिनात जळका वायू पुरता बाहेर पडला नाही, तर तो आत येणाऱ्या ताज्या हवेची जागा अडवतो. त्यामुळे तिथे मोकळ्या वाटेला थोडं जास्त मोल होतं. शर्यतीच्या पेट्रोल गाड्यांत तर पाइपची लांबी मोजून कापतात, म्हणजे वायूचा एक धक्का पुढच्या धक्क्याला ओढून घेतो. पण ती इंजिनं मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेतात. आपला ट्रक फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या हिरव्या पट्ट्यात, बाराशे ते सोळाशेच्या आसपास चालवायचा असतो. तिथे हे गणित लागू पडत नाही.

टर्बोने तर चित्रच पालटलं. गेल्या भागात पाहिलं, की डिझेलमधल्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा तापलेल्या वायूबरोबर बाहेर जातो आणि टर्बो त्यातला काही भाग परत मिळवतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखीने याच कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं होतं. सायलेन्सर टर्बोच्या नंतर येतो. तो मोकळा केला तर टर्बो किंचित हलका फिरतो, हे खरं. पण वेस्टगेट असलेल्या टर्बोत दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की जादा वायू बाजूने सोडून दिला जातो. आणि हवा थोडी वाढली म्हणून ताकद वाढत नाही. डिझेल किती सोडायचं ते पंप किंवा नव्या गाड्यांत संगणक ठरवतो.

सरळ पाइप मारताना आणखी एक गोष्ट घडते, आणि मला खरी काळजी तिची वाटते. बऱ्याच ट्रकांच्या एक्झॉस्ट पाइपमध्ये एक झडप असते, एक्झॉस्ट ब्रेकची. उतारावर ती बंद केली की वायू कोंडतो, पिस्टनला त्याच्याशी झुंजावं लागतं आणि इंजिनच गाडी रोखून धरतं. म्हणजे इथे बॅकप्रेशर मुद्दाम निर्माण केलेलं असतं. ‘हीसुद्धा वाट अडवते’ म्हणून ती झडप काढली, तर गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना, आंबा घाटात किंवा निपाणीपुढच्या तवंदी घाटात सगळा भार चाकांच्या ब्रेकवर पडतो. ड्रम तापतात आणि तापलेल्या ड्रमवर लायनर पकड घेत नाही. उघडी असताना ही झडप वायूच्या प्रवाहाला आडवी येत नाही, तिने जवळजवळ काहीच अडत नाही. ती काढून मिळवायचं काही नाही आणि गमवायचा ड्रायव्हरचा जीव आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर विकल्या जाणाऱ्या बीएस-६ ट्रकांत तर सायलेन्सर म्हणजे एक छोटा कारखानाच आहे. काजळी पकडणारा फिल्टर, आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड मारण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा. हा फिल्टर स्वतःला साफ करताना थोडं डिझेल जाळतो, त्यामुळे तो काढला की तेवढं वाचतं, हे मान्य करायला हवं. पण पुढे युरियाची सोय आहे या भरवशावरच कंपनी ज्वलन जास्त तापमानाला, जास्त कार्यक्षम ठेवू शकते. ती सोय मोडली की सेन्सर ते पकडतात आणि संगणक इंजिनाची ताकद उतरवतो. मग त्याला फसवणारी यंत्रं बसवायची, त्यातून वायरिंगचे बिघाड, वॉरंटी गेली. शेतीचा कडुनिंब-लेपित युरिया पाण्यात घोळून टाकीत ओतणारेही आहेत. त्याने फवारणीची नोझल तुंबते आणि महागडा कॅटॅलिस्ट बाद होतो.

आणि जे बाहेर पडतं ते कुणाच्या छातीत जातं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. यार्डाजवळच्या कोप्यांत बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबं लेकराबाळांसह हंगामभर राहतात. रात्रभर चालू इंजिनं त्यांच्या उशाशी असतात.

कायदाही इथे स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराचे निकष मोडणाऱ्या वाहनासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एका दंडात कित्येक हंगामांची मानलेली बचत जाईल.

धुराच्या वाटेत डिझेल खरोखर वाया जातं ते दुसऱ्या टोकाला, इंजिन आणि टर्बो यांच्यामध्ये. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं किंवा त्याचं बीड तडकलं, तर टर्बोला फिरवणारा वायू आधीच निसटतो. हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर येतो, आणि पिकअप गेला म्हणून ड्रायव्हर पाय आणखी दाबतो. तपासणी सोपी आहे. सकाळी इंजिन थंड असताना मॅनिफोल्डच्या जोडांवर बॅटरीचा उजेड टाका. कुठे काजळीचा पंखा उमटलेला दिसतो का बघा. मग इंजिन सुरू करून ‘टक-टक’ असा फुसका आवाज येतो का ते ऐका, हात मात्र लांब ठेवा. गॅस्केट बदलताना स्टड ओढून वाकलेले नाहीत ना, आणि मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सपाट आहे ना, हे पट्टी लावून पाहायला मिस्त्रींना सांगा. वाकलेल्या बिडावर नवं गॅस्केट पुन्हा फुटणारच. काळा धूर तरीही राहिला, तर एअर फिल्टर, टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी होज आणि नोझल, या क्रमाने जा.

पुढच्या भागात : टायरमधली हवा, आणि तिचा डिझेलवरचा परिणाम.