नेपाळची यात्रा व आमचे कास्तकार

निंदण-डवरणी उरकून कपाशी व सोयाबीन फुलावर आले म्हणजे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील कास्तकारास दहा-पंधरा दिवसांची सवड सापडते. हल्ली त्या सवडीत काशी-अयोध्या करून तसेच पुढे नेपाळास जाण्याचा व पशुपतिनाथाचे दर्शन घेण्याचा प्रघात गावोगाव पडत चालला आहे. यात्रेस आमचा विरोध नाही. परंतु नेपाळास व्हिसा लागत नाही, तेथील पाट्या देवनागरीत असतात व हिंदीवर काम भागते, यामुळे तो परदेश आहे याचाच आमच्या लोकांस विसर पडतो. विलायतेस जाणारा मनुष्य दोन महिने अगोदर कागदपत्रे जमवितो. नेपाळास जाणारा दशम्या बांधून निघतो.

आमच्या मलकापुरापलीकडील जळगाव जिल्ह्यावर दिनांक 23 ऑगस्ट 2024 रोजी जो प्रसंग ओढवला तो वाचकांच्या स्मरणात असेलच. वरणगाव व भुसावळच्या बाजूची मंडळी पोखऱ्याहून काठमांडूस जात असता त्यांची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली व 27 माणसे दगावली. हा महिना श्रावणाचा होता. त्याच वर्षी 12 जुलै रोजी, म्हणजे आषाढात, पहाट होण्यापूर्वीच सिमलताल येथे दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्यांत साठाहून अधिक उतारू होते.

या दोन गोष्टींवरून आम्हांस असे दिसते की, आमच्या कास्तकाराची सवड व हिमालयाचा कोप यांचा काळ एकच आहे. पोखरा-काठमांडू रस्ता मर्स्यांगदी व त्रिशूली यांच्या काठाने, डोंगराची कड कापून गेलेला आहे. आषाढ ते भाद्रपद या दिवसांत वरून दरड सुटते, खालून नदी कड खाते, आणि ओल्या वळणावर चाक घसरले तर त्यास धरावयास काही नसते. म्हणून गहू-हरभरा खळ्यातून घरी आल्यावर, फाल्गुन-चैत्रात ही यात्रा करावी. आठ दिवस कमी मिळाले तरी चालतील.

रात्रीचा प्रवास मुळीच पत्करू नये. एक मुक्काम वाचतो म्हणून बसवाले रात्री गाडी हाकू पाहतात. गाडी ठरविताना दोन चालक आहेत काय, डोंगरातील रस्ता त्यांच्या सरावाचा आहे काय, हे पुढाऱ्याने समक्ष विचारावे. हिंदुस्थानातील गाडी असल्यास सीमेवर भन्सार, म्हणजे जकात, भरल्याची पावती व परवाना पाहावा. भाडे दोन रुपयांनी कमी पडले एवढ्यावर भाळणारे पुढारी आम्ही पाहिले आहेत.

कागदांविषयी आम्ही थोडे अधिक लिहितो, कारण आमचा जन्म महसूल खात्याच्या दप्तरात गेला. प्रौढ मनुष्याजवळ पासपोर्ट अथवा निवडणूक आयोगाचे छायाचित्र-ओळखपत्र असलेच पाहिजे. आधार कार्डावर प्रौढांचे भागत नाही. 65 वर्षांवरील व 15 वर्षांखालील माणसांसच ती सवलत आहे. नावात काना-मात्रेचा फरक असेल तर तो घरीच दुरुस्त करावा. सातबाऱ्यावरील एका वेलांटीपायी कास्तकार तहसिलीत किती खेटे घालतो हे आम्ही जाणतो. परमुलखात ते खेटे कोण घालणार?

एका भारतीय रुपयास 1.60 नेपाळी रुपये हा दर 1993 पासून ठरलेला आहे, तेव्हा शंभरास एकशे साठ मोजून घ्यावे. 100 रुपयांहून मोठ्या भारतीय नोटा नेपाळ सरकारने डिसेंबर 2018 मध्ये बंद केल्या होत्या. असे नियम बदलत असतात. निघण्याच्या आठवड्यात बँकेत चौकशी करावी.

मुक्तिनाथ सुमारे 3,700 मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असल्याने डोके दुखणे, ओकाऱ्या, धाप लागणे असे झाल्यास देवास हात जोडून तत्काळ खाली उतरावे. दम्याच्या व हृदयविकाराच्या माणसाने वैद्याच्या सल्ल्यावाचून वर जाऊच नये.

दंग्याधोप्याची गोष्ट निराळी. ती आधी कळत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत तरुणांचे आंदोलन भडकले, 9 तारखेस संसदगृह पेटले, विमानतळ बंद पडला व पुष्कळ हिंदी प्रवासी अडकले. अशा वेळी मुक्कामाची जागा सोडू नये, गर्दीचे फोटो काढीत बसू नये व काठमांडूतील आपल्या वकिलातीस कळवावे. तिचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात असावा, कारण रोमिंगची सोय करून न घेतल्यास आपला मोबाईल सीमेपलीकडे मुका होतो.

याच कागदावर नाव, गाव, रक्तगट, चालू औषधे व घरच्यांचा क्रमांक लिहावा. सर्व मंडळींची यादी, गाडीचा क्रमांक व मुक्कामांची ठिकाणे यांची एक प्रत गावी जबाबदार माणसाजवळ ठेवून जावी, आणि मध्येच कोणी गाडी बदलली तर त्यास त्याच दिवशी कळवावे.