गोळी तीच, पण वय सत्तर



मार्कंडेय नदीत जाळं टाकणारे असोत की हिडकल धरणात होडी घालणारे, आपल्या घरच्या बऱ्याच ज्येष्ठांना बीपीची गोळी सुरू आहे. पन्नाशीत डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी, तीच सत्तरीतही चालू! मेडिकलवाला स्ट्रिप देतो, आपण आणतो.

पण गोळी काम करून झाली की अंगातून बाहेर जायला पाहिजे की नाही? चाळिशीनंतर किडनीचं गाळण्याचं काम हळूहळू मंद होत जातं. अटेनोलॉल ही गोळी मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडते. किडनी थकली की ती साठत राहते, नाडी मंदावते, उठताना अंधारी येते. घरात अंधारी आली तर माणूस खाटेवर बसेल. होडीत उभं राहून जाळं ओढताना आली तर सरळ पाण्यात. लिसिनोप्रिल, एनालाप्रिलचंही असंच, किडनीवर अवलंबून. मेटोप्रोलॉल आणि अॅम्लोडिपिन मात्र लिव्हर निस्तरतं, तरी उतारवयात अॅम्लोडिपिनही सावकाशच उतरते.

"क्रिएटिनिन नॉर्मल आहे" यावर फार विसंबू नका. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि वाळलेल्या म्हाताऱ्या अंगात स्नायूच कमी. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली एक हिशेब मांडला: १४० मधून वय वजा करा, वजनाच्या किलोंनी गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. बायकांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणायचं. आता क्रिएटिनिन दोघांचं १.२ धरा. तीस वर्षांचा ७० किलोचा गडी, उत्तर साधारण ८९. सत्तर वर्षांचा ५० किलोचा आज्जा, उत्तर साधारण ४०. रिपोर्टातला आकडा एकच, किडनीचं काम निम्म्याहून कमी!

त्यात आपली सवय. दोर ओढून कंबर धरली की डायक्लोफेनॅक घ्यायची. टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल, जोडीला लघवीची गोळी, आणि वर ही दुखण्याची, असं तिन्ही एकत्र झालं तर किडनीला जोराचा दणका बसू शकतो. जुलाब-उलट्या, कडक उन्हात पाणी न पिणं, यात तर जास्तच. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. बीपीसाठी म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, तेही किडनी कमजोर असलेल्यांनी विचारूनच खावं. (खारवलेल्या मासळीबद्दल काही बोलत नाही, घरोघरी भांडणं लागतील.)

गोळी मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका. अटेनोलॉल अचानक सोडणं तर धोक्याचंच. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, दुखण्याच्या गोळीचीसुद्धा, आणि क्रिएटिनिनबरोबर ईजीएफआर किती ते विचारून घ्या.