नवगावची न उकरलेली माती

अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीम यांच्या मधल्या किनारपट्टीवर नवगाव आहे. गावात बेने इस्रायल या ज्यू समाजाची एक लहानशी दफनभूमी आहे. मुंबई-पुण्याहून अलिबागला लोटणारी गर्दी इकडे सहसा वळत नाही. वास्तविक भारतातल्या मराठी ज्यूंचा इतिहास सुरू होतो तो याच गावापासून, निदान त्यांच्या परंपरेप्रमाणे तरी.

ही परंपरा सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी किनाऱ्याला लावली. वाचलेल्यांनी ती पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी, अशी नवगावात पुरली. दफनभूमीतले मातीचे दोन उंचवटे त्यांचेच, असं समाज मानतो. आता तिथे स्मारकस्तंभही आहे.

मग ही माणसं रायगडच्या गावोगावी पांगली. तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ झाली. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, तसे नवगावचे नवगावकर. भाषा मराठी, जेवणात नारळ आणि मासे, पण ज्यू नियमाप्रमाणे खवल्याचेच. नवसाच्या मलिदा विधीत गोड पोहे आणि फळं, आणि स्मरण एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं.

याला पुरावा काय? फारसा नाही. या समाजाचा जुन्यातला जुना लेखी उल्लेख सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या 1738 च्या पत्रात सापडतो, म्हणजे गलबताच्या कथेनंतर कितीतरी शतकांनी. हैम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला, तो छापून आला 1937 साली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे दिसले. हा मिलाफ साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचा असावा, असाही त्यात अंदाज आहे. गलबत कधी फुटलं, फुटलं की नाही, ते त्यातूनही कळत नाही.

उंचवट्यांखाली काय आहे ते खणून पाहावं, असं कुणाही इतिहासप्रेमीला वाटेल. पण ज्यू धर्मात कबर उकरणं सहसा निषिद्ध. एकदा पुरलेला माणूस तिथेच राहायचा आणि त्याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. मला हा नियम पटतो. चार मडक्यांच्या खापरांवरून काळ ठरवण्यापेक्षा शेकडो घराण्यांनी जपलेली आठवण अभंग राहणं मोलाचं वाटतं. पुरातत्त्वाचे अभ्यासक यावर चिडतील, ते चिडोत.

त्यामुळे इथली देखभाल म्हणजे मुख्यतः राखण. कोकणातला पाऊस चार महिन्यांत रान माजवतो, वड-पिंपळाचं रोप फटीत रुजलं की दगड उचकटतं, खारा वारा कोरलेली अक्षरं खातो. हे सगळं दर वर्षी निस्तरायला हात लागतात, आणि हातच कमी झालेत. 1951 च्या जनगणनेत देशात वीस हजारांहून जास्त ज्यू होते, 2011 मध्ये ते साडेचार हजारांच्या आसपास उरले. बहुतेक इस्रायलला गेले. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग उभं आहे, पण भोवतीची घरं मोजकीच. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. कागदोपत्री ते बरंच झालं, पण गवत कापायला माणसंच लागतात.

इस्रायलमध्ये जन्मलेली नातवंडं अधूनमधून पूर्वजांचा किनारा बघायला येतात. तुम्हीही जा. जाताना फुलांचे हार नेऊ नका, कबरीवर एक लहानसा खडा ठेवायचा, ही ज्यू रीत. फोटोसाठी त्या दोन उंचवट्यांवर मात्र चढू नका.