बाही वर सारताना : रमजान आणि सोरायसिस

रमजानच्या संध्याकाळी इतवारीत घाई असते. किराणा ओळीत खजूर, शेवया, बेसन घेणाऱ्यांची गर्दी, सराफ्यात ईदेसाठी दागिना घडवायला आलेली मंडळी, आणि हातगाड्यांमधून वाट काढत मगरिबच्या अजानीआधी मशीद गाठणारे रोजेदार. मशिदीत शिरल्यावर पहिले काम वजूचे. नळांची रांग, समोर बसायला ओटा. माणूस बसतो, बाही कोपराच्या वर सारतो, हात आणि तोंड धुतो, ओला हात डोक्यावरून फिरवतो, घोट्यापर्यंत पाय धुतो. ज्याला सोरायसिस आहे त्याचा हात मात्र बाहीपाशी क्षणभर थांबतो. कोपरावरचा लालसर, चंदेरी पापुद्र्यांचा चट्टा आता शेजारच्याला दिसणार असतो. मग कोणी सगळे उठून गेल्यावर वजू करतो, कोणी घरूनच करून येतो, तर कोणी मशिदीत येणेच सोडतो.

या आजाराच्या आवडत्या जागा म्हणजे कोपर, गुडघे, डोक्याची कातडी, केसांची कड, कंबर, तळहात आणि तळपाय. नमाज पढणाऱ्याच्या अंगाला जिथे पाणी लागते आणि जिथे जमीन टेकते, जवळपास त्याच. रमजानमध्ये पाच नमाजांच्या जोडीला रात्रीची तरावीह असते. बहुतेक मशिदींत ती वीस रकातींची, म्हणजे चाळीस सज्दे. प्रत्येक सज्द्यात गुडघे आणि कपाळ जमिनीला. सोरायसिसची एक खोड अशी की कातडीला जिथे घर्षण किंवा इजा होते, तिथे नवा चट्टा उमटू शकतो. म्हणून या महिन्यातली काळजी बाकीच्या वर्षापेक्षा थोडी वेगळी घ्यावी लागते.

आजार आहे तरी काय? कातडीच्या नव्या पेशी तळाशी तयार होऊन वर येतात आणि झडतात, याला एरवी साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच कातडीवर उलटते आणि हे काम आठवड्याच्या आत उरकले जाते. जुन्या पेशी झडायच्या आत नव्या येऊन थडकतात आणि त्यांचा थर साचतो. तोच तो पापुद्रा. यात कोणताही जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. वजूखान्यातल्या एका नळाने, एका जानमाजने, इफ्तारच्या एका थाळीत हात घातल्याने, ईदेला गळाभेट घेतल्याने तो पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये सोरायसिसवर स्वतंत्र ठराव केला, त्यातही तो संसर्गजन्य नसल्याचे आणि रुग्णांना भेदभाव सोसावा लागत असल्याचे नोंदवले आहे.

तरी लोक सरकून बसतात, कारण डोळ्यांसमोर कुष्ठरोग येतो. ही गल्लत आपल्याकडचीच नाही. युरोपातही हे दोन आजार शतकानुशतके एकाच नावाखाली होते. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी 1841 मध्ये ती सरमिसळ मोडून काढली. विदर्भाला तर हे कळायला हवे. 1939 मध्ये कुष्ठरोगी परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांची सेवा केली. जो आजार खरोखर जंतूमुळे होतो त्याच्या बाबतीत तेव्हा हे घडले. सोरायसिसवाल्यासाठी तर फक्त सफेत, म्हणजे नमाजाच्या रांगेत, खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आहे.

आता कातडीकडे वळू. सोरायसिसला सगळ्यात नको असतो तो कोरडेपणा. ओलावा देणारे मलम लावण्याची उत्तम वेळ म्हणजे अंग धुतल्यानंतरची दोन-तीन मिनिटे. कातडी अजून दमट असते आणि मलम तो ओलावा आत कोंडून ठेवते. रोजेदाराला ही वेळ दिवसातून पाच वेळा आपोआप मिळते. वजू झाला की मऊ कपड्याने पाणी टिपायचे, घासायचे नाही, आणि लगेच व्हॅसलिन, साधे वास नसलेले क्रीम किंवा खोबरेल लावायचे. दुकानात किंवा कारखान्यात काम करणाऱ्याने छोटी डबी खिशात ठेवली तरी भागते. बाहेरून कातडीला लावलेल्या मलमाने रोजा तुटत नाही, हे आलिमांचे सर्वसाधारण मत आहे. पुढच्या वजूच्या वेळी जाड थर उरला असेल तर तो आधी पुसावा, म्हणजे पाणी कातडीपर्यंत पोचते.

वजूत प्रत्येक अवयव तीनदा धुणे सुन्नत आहे, पण एकदा नीट धुतला तरी वजू होतो. चिरा पडलेल्या, झोंबणाऱ्या कातडीला हे पुरे. पैगंबर साहेब एका मुद पाण्यात, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात वजू करत. ही गोष्ट एरवी पाणी वाचवण्यासाठी सांगितली जाते. ती कातडीच्याही कामाची आहे. पाणी कोमट असावे, कडकडीत नको. जखमेवर पट्टी असेल तर तिच्यावरून ओला हात फिरवण्याची, आणि पाण्याने खरोखर अपाय होत असेल तर तयम्मुमची मुभा आहे. आपल्याला कोणती लागू, हे इमाम साहेबांना विचारावे. विचारण्यात कसलीच लाज नाही.

तरावीहसाठी मशिदीची पातळ चटई गुडघ्यांना पुरत नाही. घरचा जाड जानमाज घडी करून न्यावा. गुडघ्यावर घट्ट जीन्स नको, सैल सुती पायजमा बरा. सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांचे सांधेही धरतात. बोटे सुजत असतील, सकाळी उठल्यावर कंबर किंवा गुडघे बराच वेळ आखडलेले राहत असतील, तर ते वयावर ढकलू नये, डॉक्टरांना सांगावे. अशांनी खुर्चीवर बसून नमाज पढली तर कोणी नावे ठेवत नाही.

उपाशी राहण्याचे काय? 2019 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी मध्यम ते तीव्र सोरायसिस असलेल्या 108 रोजेदारांची पाहणी प्रसिद्ध केली. रमजाननंतर त्यांच्या चट्ट्यांची तीव्रता कमी झालेली दिसली. एवढ्यावरून रोजा हे औषध ठरत नाही. आणि इफ्तारला भजी, समोसे आणि सरबताचे तीन ग्लास झाले तर दिवसभराच्या उपवासाचा फायदा तिथेच संपतो, कारण वाढलेले वजन या आजाराला मानवत नाही. इफ्तार ते सहेरी पाणी थोडे थोडे पीत राहावे.

औषधांच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. मेथोट्रेक्सेट ही गोळी सोरायसिसमध्ये आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. रमजानात वार आणि वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. दुसरा धोका दुकानातून मागून आणलेल्या मलमांचा. ‘खाज का ट्यूब’ म्हणून जे मिळते त्यात बहुधा जोरदार स्टेरॉइड असते. चार दिवस चट्टे गायब होतात, ट्यूब थांबली की दुप्पट उसळतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतातच. स्टेरॉइड वाईट नाही. डॉक्टर तेच देतात, पण किती दिवस आणि कुठे लावायचे ते ठरवून.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. 2018 आणि 2019 मध्ये तो नागपूरच्या मे महिन्यात होता, आता थंडीकडे सरकतो आहे. 2030 मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. रोजेदाराला आखूड दिवसांचा आनंद, पण सोरायसिस थंड, कोरड्या हवेतच जास्त फुलतो. मलमाची डबी तेव्हा लवकर संपेल.

ईदेच्या तयारीत दोन गोष्टी आठवणीने. चाँदरातीला मेंदी काढायची तर साधी, हिरव्या पाल्याची. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीतल्या रसायनाने धड कातडीही भाजते. अत्तर मनगटाऐवजी कपड्याला लावावे. आणि इतवारीहून जवळ असलेल्या मेयोत काय किंवा मेडिकलमध्ये काय, सुटीच्या दिवशी कातडीची ओपीडी नसते. गोळ्या किंवा मलम संपत आले असेल तर चंद्र दिसायच्या आधीच चिठ्ठी घेऊन जावे.