मोटारीचे इंजिन विमानाच्या नाकात

हौशी माणसाने बांधलेले विमान म्हटले की आपल्याला मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे करणारे अमोल यादव आठवतात. अमेरिकेत अशा लोकांची संघटना १९५३ पासून आहे. तिथल्या नियमानुसार विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः घडवला असेल, तर ते ‘प्रायोगिक’ गटात नोंदवता येते. या गटात प्रमाणित इंजिनाची सक्ती नसते. म्हणूनच माझदा आरएक्स-७ मोटारीचे जुने ‘१३बी’ रोटरी इंजिन खोलून, नव्याने जुळवून ते विमानाला बसवणारे तिथे भेटतात.

जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतले हे इंजिन एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये पहिल्यांदा चालले. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कनेक्टिंग रॉडही नाही. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या एका फेरीत शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात शक्तीचा टप्पा शाफ्टच्या १८० अंशांत उरकतो, इथे तो २७० अंश टिकतो. १३बीमध्ये असे दोन रोटर असल्याने एकाचा जोर ओसरायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो, आणि इंजिन विलक्षण सुरळीत चालते.

ते खोलले की बिडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या चकत्यांची चळत समोर येते, लांब बोल्टनी आवळलेली. रोटरच्या तिन्ही टोकांना एपेक्स सील, बाजूंना साइड सील, कोपऱ्यांत कॉर्नर सील. खाचांतली काजळी खरवडायची, झीज फिलर गेजने मोजायची, नवे सील व्हॅसलीन लावून जागच्या जागी धरायचे आणि मग एकेक थर चढवायचा. पाण्याच्या वाटांभोवतीच्या रबरी कड्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते. इंजिन बेसुमार तापले, तर ही कडी कामातून जातात. उलट एखादे एपेक्स सील तुटले तरी हे इंजिन बऱ्याचदा कमी ताकदीवर का होईना, फिरत राहते. धावपट्टी गाठायला तेवढे पुरू शकते. इंधन जास्त खाणारे इंजिन वैमानिक का पत्करतो, याचे मला पटलेले उत्तर हेच आहे.

पण या छंदाची खरी कसोटी इंजिनाभोवतीच्या भागांत लागते. १३बीची ताकद मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या आसपास हाती येते. १.८३ मीटर व्यासाचा प्रोपेलर त्याला थेट जोडला, तर पात्यांची टोके सेकंदाला ५७५ मीटर वेगाने कापत जातील. ध्वनीचा वेग ३४० आहे. ध्वनीचा वेग ओलांडणारे पाते ओढण्याऐवजी गोंगाट आणि अडथळाच जास्त निर्माण करते. म्हणून मधे ग्रहमालेच्या रचनेचा गिअरबॉक्स हवा, २.८५ला १ या प्रमाणाने टोकांचा वेग २०२ मीटरवर येतो.

मग एक्झॉस्ट. व्हॉल्व्ह नसल्याने जळालेला वायू एकदम उघडणाऱ्या छिद्रातून धडाक्याने आणि पिस्टन इंजिनापेक्षा जास्त उष्ण असा बाहेर पडतो. साधे पोलाद त्यापुढे फार काळ टिकत नाही. स्टेनलेस किंवा इन्कोनेलचे पाइप वाकवून वेल्ड करावे लागतात. माउंटसाठी क्रोमोली पोलादाच्या नळ्या तिरक्या कापून टिग वेल्डिंगने जोडायच्या.

सर्वांत अवघड काम मात्र रेडिएटरकडे हवा नेणाऱ्या पन्हळीचे. हवा अरुंद तोंडातून आत येऊन हळूहळू रुंदावत गेली, तर तिचा वेग उतरतो आणि दाब वाढतो. तो दाब तिला रेडिएटरच्या जाळीतून ढकलतो. उतार एकदम दिला, तर प्रवाह भिंतीपासून सुटून भोवरे धरतो आणि रेडिएटर कितीही मोठा असला तरी पाणी तापतेच. फ्रेडरिक मेरेडिथ यांनी ब्रिटनमध्ये १९३०च्या दशकात याच्याही पुढचे दाखवले होते: गरम झालेली हवा योग्य आकाराच्या तोंडातून मागे सोडली, तर थंड करण्यामुळे होणारा अडथळा बराच भरून निघतो. मस्टँग या लढाऊ विमानाने ते तत्त्व वापरले. गॅरेजमधला माणूस तीच पन्हळ फोम कोरून, त्यावर फायबरग्लास चढवून बनवतो.

यानंतर चाचणी. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर सहसा २५ तास, नसेल तर ४० तास ठरावीक क्षेत्रातच उडायचे, प्रवासी न घेता. रोटरीवाल्याच्या वाट्याला ४० येतात. त्यातला मोठा भाग तापमानाचे काटे पाहण्यात आणि खाली उतरून पन्हळीचा आकार पुन्हा घासण्यात जातो.